आखाड्यावरून रेडिओ कॉन्टेस्ट: तयारीपासून लॉग पाठवण्यापर्यंत

ऑक्टोबर महिन्यातील शेवटच्या पूर्ण शनिवारी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात, तेव्हा जागतिक वेळेचा शून्य तास सुरू होतो आणि त्याबरोबर 'सीक्यू वर्ल्डवाइड' ही हौशी रेडिओची स्पर्धाही सुरू होते. सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत, म्हणजे सलग ४८ तास, जगभरातील हजारो हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले, एकमेकांना कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे सांकेतिक नाव) आणि एक छोटासा आकडा देत-घेत राहतात. ऑक्टोबरमध्ये ही स्पर्धा आवाजावर होते आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सवर. परभणी जिल्ह्यातील शेतातल्या आखाड्यावरून, म्हणजे शेतवस्तीवरून, १०० वॉटचा एक रेडिओ आणि तारेच्या अँटेना एवढ्या सामग्रीवर मी गेली काही वर्षे यात भाग घेत आलो आहे. ज्यांच्याकडे परवाना आहे, जे सकाळच्या नेटवर (ठरलेल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या गप्पांच्या बैठकीत) नियमित बोलतात, पण ज्यांनी कॉन्टेस्ट कधी केली नाही, अशा मराठवाड्यातील मित्रांसाठी हा मजकूर लिहीत आहे.

उंच टॉवर आणि मोटरने फिरणारी बीम अँटेना नसेल तर कॉन्टेस्टमध्ये काय मिळणार, असे अनेकांना वाटते. या समजामुळे कितीतरी चांगले ऑपरेटर आयुष्यभर स्थानिक गप्पांपुरते राहिले, हे मला मनापासून खटकते. स्पर्धेसाठी जगाचे क्रमांक दिलेले विभाग, म्हणजे झोन, पाडलेले आहेत आणि मराठवाड्यात बसलेला ऑपरेटर झोन २२ मध्ये असतो. भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, भूतान आणि मालदीव या पट्ट्यातून स्पर्धेत उतरणारी केंद्रे युरोप-जपानच्या मानाने फार थोडी असल्यामुळे समोरचा आपल्याला शोधत असतो. तो आपल्याला ऐकतो. खरा प्रश्न आपण त्याला ऐकतो का, हा आहे. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग बोलण्याविषयी नसून ऐकू येण्याविषयी आहे.

परवान्याचे थोडक्यात सांगतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला परीक्षा देता येते आणि परवान्याचा अर्ज दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे सरल संचार पोर्टलवरून जातो. निर्बंधित श्रेणीला मोर्सची परीक्षा नाही व कॉलसाइन व्हीयू३ने सुरू होते. सामान्य श्रेणीला मिनिटाला ८ शब्दांच्या गतीने मोर्स द्यावे-घ्यावे लागते व कॉलसाइन व्हीयू२ने सुरू होते. दोन्ही श्रेणींची शक्तीची मर्यादा वेगळी आहे. स्पर्धेचा 'लो पॉवर' गट १०० वॉटपर्यंतचा असला, तरी आपल्याला आपल्या परवान्यावरील मर्यादाच पाळायची आहे.

गुण कसे होतात

गुणांचे गणित समजल्याशिवाय स्पर्धेत उतरू नये, कारण कोणाला आधी बोलवायचे हे त्यावरच ठरते. सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये दुसऱ्या खंडातील केंद्राशी झालेल्या संपर्काला ३ गुण, आपल्याच खंडातील दुसऱ्या देशाला १ गुण आणि आपल्याच देशातील केंद्राला शून्य गुण मिळतात. १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर या सहा बँडांवर (लहरीच्या लांबीने ओळखल्या जाणाऱ्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांवर) प्रत्येक नवा देश आणि प्रत्येक नवा झोन हा एकेक गुणक ठरतो, आणि सर्व गुणांची बेरीज सर्व गुणकांच्या बेरजेने गुणून अंतिम धावसंख्या निघते.

समजा, दोन दिवसांत ३०० संपर्क झाले. त्यांपैकी २२० युरोप, आफ्रिका, अमेरिका असे परखंडातील आणि ८० आशियातील असतील, तर गुण झाले ६६० अधिक ८०, म्हणजे ७४०. सर्व बँड मिळून २५ झोन आणि ६० देश लागले असतील, तर गुणक ८५ आणि धावसंख्या ६२,९००. आता या टप्प्यावर युरोपमधील आणखी एक साधा संपर्क झाला, तर धावसंख्येत ३ गुणिले ८५, म्हणजे २५५ची भर पडते. पण एक नवा गुणक मिळाला, तर त्या एकाच गुणकाने ७४०ची भर पडते. एक नवा देश जवळपास तीन साध्या संपर्कांइतका मोलाचा, हे लक्षात ठेवले की एखाद्या दुर्मीळ केंद्रापाशी किती मिनिटे घालवायची, याचा निर्णय तिथल्या तिथे घेता येतो.

यात आपल्याकडचे नवे ऑपरेटर एक गोष्ट हमखास विसरतात. भारतीय केंद्राशी बोलून शून्य गुण मिळतात म्हणून ते व्हीयू ऐकले की पुढे निघून जातात. वास्तविक प्रत्येक बँडवरचा पहिला भारतीय संपर्क हा भारत देश आणि झोन २२ असे दोन गुणक एकदम देऊन जातो. सहा बँडांवर मिळून बारा गुणक होतात आणि ते सगळ्यांत सोपे असतात. अंदमान-निकोबारचे व्हीयू४ व लक्षद्वीपचे व्हीयू७ हे स्वतंत्र देश धरले जातात आणि अंदमानचा झोनही २६ आहे, हेही लिहून ठेवावे. त्याचप्रमाणे रशियाचे दोन भाग ओळखता आले पाहिजेत: युरोपीय रशिया ३ गुण देतो, तर सायबेरियाकडचा आशियाई रशिया १.

सुरुवात या मोठ्या स्पर्धेनेच करावी असे नाही. मार्चच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी आवाजावर आणि मे महिन्यातील तशाच दिवसांत मोर्सवर होणाऱ्या 'डब्ल्यूपीएक्स'मध्ये देशांऐवजी कॉलसाइनचा पूर्वभाग हा गुणक असतो आणि झोनऐवजी १ पासून चढता अनुक्रमांक द्यायचा असतो. जपानच्या संघटनेची 'ऑल एशियन' ही आपल्यासारख्या आशियाई केंद्रांना मध्यभागी ठेवणारी स्पर्धा आहे आणि तिच्यात सिग्नलच्या आकड्यांनंतर आपले वय सांगायचे असते. जपानहून ऐंशीच्या पुढचे वय स्वच्छ, ठाम आवाजात ऐकू येते, तेव्हा हा छंद माणसाला किती काळ साथ देतो हे कळते. त्या आवाजांसाठी मी ती स्पर्धा चुकवत नाही.

गोंगाट शोधणे आणि घालवणे

अँटेना लावण्यापूर्वी महिनाभर आधी गोंगाट मोजावा. रेडिओ बॅटरीवर लावून, रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल मीटरचा काटा कुठे आहे, हे दिवसातून चार वेळा वहीत लिहावे: पहाटे, दुपारी, दिवेलागणीला आणि मध्यरात्री. घराचा मेन स्विच पूर्ण बंद करून हेच मोजमाप पुन्हा घ्यावे. मेन बंद केल्यावर काटा खाली आला तर शत्रू घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जाऊन तो सापडेपर्यंत थांबू नये. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि इन्व्हर्टर हे नेहमीचे गुन्हेगार असतात. आमच्याकडे गोठ्यातल्या एका बल्बने ४० मीटरचा अर्धा बँड व्यापलेला होता.

मेन बंद करूनही काटा हलला नाही, तर बाहेर पडावे लागते. बॅटरीवर चालणारा साधा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर हातात घेऊन चालत गेले आणि त्याला आडवा फिरवत आवाज कुठे वाढतो-घटतो हे ऐकले, तर दिशा सापडते. डीपी किंवा ११ केव्हीच्या खांबावरील धूळ बसलेला किंवा तडकलेला इन्सुलेटर कोरड्या हवेत चरचरतो आणि चांगला पाऊस पडून गेला की काही दिवस गप्प होतो. ही त्याची खूण आहे. अशा खांबाला किंवा ताणाला स्वतः हात लावू नये, काठीने ठोकूनही पाहू नये. खांबाचा क्रमांक लिहून घेऊन लाइनमनला दाखवावा.

मला सर्वांत जास्त छळणारा गोंगाट मात्र नव्या जातीचा होता. रोज सकाळी साधारण पावणेआठला १५ मीटरवर एक घरघर सुरू व्हायची, दिवसभर टिकायची आणि ऊन कलले की विरायची. आभाळात ढग आला की तिचा सूर बदलत असे. त्या सुरावरूनच उलगडा झाला: शेजारच्या काकांच्या शेतात बसवलेल्या सौर पंपाच्या कंट्रोलरमधून पॅनेलकडे जाणाऱ्या लांब तारा अँटेनासारख्या काम करत होत्या. मी रेडिओ घेऊन काकांकडे गेलो, पंप चालू-बंद करून आवाज त्यांनाच ऐकवला. ते क्षणभर ऐकत राहिले आणि म्हणाले, "मोटार चालू झाली की तुझं यंत्र मुकं व्हायलंय म्हण की. मग त्या शनवार-ऐतवारी दुपारच्या आत पाणी उरकून घेतो." युरोप दुपारनंतरच उघडत (ऐकू येऊ लागत) असल्यामुळे त्यांचे हे शब्द माझ्यासाठी मोठ्या अँटेनाइतके मोलाचे ठरले. पुढे त्यांच्या परवानगीने कंट्रोलरजवळच्या तारांवर फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्या बसवल्या आणि माझी अँटेना साठ-सत्तर मीटर दूर, दुसऱ्या बांधावर नेली. या तिन्हींपैकी अंतर वाढवण्याचा उपाय सर्वाधिक लागू पडला.

वीजपुरवठ्याचे नियोजनही याच कामात मोडते. नोव्हेंबरची मोर्स स्पर्धा रब्बीच्या पाण्याच्या दिवसांत येते. शेतीच्या फीडरवर थ्री फेज आली की ऑटो स्विचमुळे शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात, दाब कोसळतो आणि रेडिओचा पॉवर सप्लाय अडखळतो. म्हणून स्पर्धेपुरता रेडिओ थेट बॅटरीवर चालवावा. १०० वॉटचा रेडिओ बोलण्याच्या शिखरावर सुमारे २० अँपिअर ओढतो, ऐकताना मात्र एखाद-दोन अँपिअरवर भागते. त्यामुळे इन्व्हर्टरची १५० एएचची चांगली बॅटरी माझ्या अनुभवात एक दिवस काढते. दुसरी बॅटरी आखाड्यापासून लांब, घरी चार्जिंगला ठेवावी, म्हणजे चार्जरचा आवाजही येत नाही. बॅटरीपासून रेडिओपर्यंतची वायर जाड आणि आखूड असावी आणि दोन्ही तारांवर बॅटरीजवळ फ्यूज असावा.

तार, कळक आणि दिशा

अँटेनासाठी तार शोधत शहरात जाण्याची गरज नाही. आपल्या प्रत्येक बाजारगावात मोटार रिवाइंडिंगचे दुकान असते आणि सबमर्सिबल मोटारीत भरायची, प्लॅस्टिकचे आवरण असलेली तांब्याची तार तिथे किलोवर मिळते. ती गंजत नाही, ताण सहन करते आणि ऊन-पावसात टिकते. टोकांच्या व मधल्या जोडाच्या इन्सुलेटरसाठी पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे भोके पाडून वापरता येतात.

अर्ध्या लहरीच्या डायपोलची, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन सारख्या तारांच्या अँटेनाची, एकूण लांबी मीटरमध्ये काढायची, तर १४३ला मेगाहर्ट्झमधील फ्रिक्वेन्सीने भागावे. १४.१५ मेगाहर्ट्झला ती सुमारे १०.१ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजू ५.०५ मीटर, ७.१ला सुमारे २०.१ मीटर. आवरण असलेली तार यापेक्षा थोडी आखूड लागते, पण कापताना नेहमी लांबच कापावी आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली हे दाखवणारा आकडा) पाहत दोन्ही बाजूंनी सारखी दुमडत जावी. ४० मीटरसाठी कापलेला डायपोल १५ मीटरवरही चालतो, त्यामुळे एका तारेत दोन बँड भागतात. त्याच फीड पॉइंटला (केबल जोडलेल्या जागी) २० आणि १० मीटरच्या आणखी दोन जोड्या, टोके एकमेकींपासून दूर ताणून, जोडल्या की एका केबलवर चार बँड होतात. केबल जिथे अँटेनाला मिळते तिथे ती फेराइटच्या मोठ्या कडीवर आठ-दहा वेढे देऊन गुंडाळावी, नाहीतर केबलच अँटेना बनते आणि घरातला गोंगाट उचलून आणते.

दिशेकडे फार थोडे लोक लक्ष देतात. आपल्यापासून युरोप वायव्येला आणि जपान ईशान्येला आहे. तारेचा जोर तिच्या लांबीला काटकोनात असतो, म्हणून टोके ईशान्य-नैर्ऋत्य अशी ताणली, तर वायव्येकडचा युरोप आणि आग्नेयेकडचे मलेशिया, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया चांगले लागतात आणि जपान टोकाकडे गेल्याने दुबळा होतो. एकच अँटेना लावायची असेल तर युरोप धरावा, कारण ३ गुण तिथे आहेत. दुसरी तार शक्य झाली तर ती पहिलीला काटकोनात लावून रेडिओजवळ स्विच ठेवावा. उंची २० मीटर बँडसाठी किमान १० मीटर मिळावी. जुन्या जीआय पाइपला चांगला वाळलेला कळक बांधला तर ती सहज मिळते. खांब उभा करताना तो कोणत्याही बाजूला पूर्ण आडवा पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचणार नाही, हे पावलांनी मोजून पाहावे आणि मगच पहार हातात घ्यावी.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या कांबीभोवती पोकळी राहते, म्हणून मार्च-मेच्या स्पर्धांपूर्वी तिथे पाणी घालून माती दाबून घ्यावी. परतीच्या पावसाचे आणि अवकाळीचे ढग क्षितिजावर चमकू लागले की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर टाकावी आणि ऑपरेटिंग थांबवावे. मराठवाड्यात विजेने दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. कोणताही गुणक त्यापुढे मोठा नाही.

कोणत्या वेळी कुठे

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात भिंतीवर वेळापत्रक लावावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहाटे साडेपाचला आपल्याकडे अंधार असतो आणि युरोपात मध्यरात्र, तेव्हा ४० मीटरवर युरोप येतो आणि सूर्योदयानंतर लवकरच विरतो. तो पाऊण-एक तास अजिबात दवडू नये. उजाडल्यावर १५ आणि १० मीटर पूर्वेकडे उघडतात: जपान, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया, याच सुमारास २० आणि १५ मीटरवर ध्रुवावरून येणारे अमेरिकेचे थरथरते सिग्नलही सापडतात. दहा ते बारा हा मंदीचा काळ, तेव्हा झोपून घ्यावे. साडेबारा-एकपासून युरोप १० आणि १५ मीटरवर फुटतो आणि अंधार पडेपर्यंत थांबत नाही. संध्याकाळी साडेसहाच्या पुढे अमेरिकेचा पूर्व किनारा त्यात मिसळतो, मग २० मीटर, आणि रात्री उशिरा ४० व ८० मीटर. सूर्यावरील डागांचे चक्र उतरणीला लागले की १० मीटरचा भरवसा कमी होतो आणि भार २० व ४० मीटरवर येतो, हे धरून वेळापत्रक दरवर्षी नव्याने आखावे. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाच्या नोंदी पाहून, ज्या तासात जो भाग लागला होता तिथे दहा मिनिटे आधी जाऊन बसावे.

प्रत्यक्ष ऑपरेटिंग

पहिल्या दोन-तीन स्पर्धांत बँडच्या खालच्या टोकापासून वर सरकत, प्रत्येक केंद्र ऐकून, त्याला हाक द्यायची पद्धत ठेवावी. यात कान तयार होतो. एखाद्या केंद्राभोवती गर्दी असेल तर लगेच ओरडू नये. तो कोणाला, कोणत्या लयीत उत्तर देतो हे दोन वेळा ऐकावे आणि त्याचे 'थँक यू' संपताच आपले कॉलसाइन फोनेटिकमध्ये (प्रत्येक अक्षरासाठी ठरलेल्या शब्दात) एकदाच, पूर्ण द्यावे. अर्धे कॉलसाइन देऊ नये, त्याचे कॉलसाइन परत म्हणू नये. तो आपले कॉलसाइन बरोबर घेऊन "फाइव्ह नाइन वन फोर" म्हणाला, की आपण "फाइव्ह नाइन टू टू" एवढेच म्हणायचे. ५९ हे सिग्नल कसा येतो याचे आकडे, १४ हा पश्चिम युरोपचा झोन, २२ आपला. नाव, गाव, हवामान यांना इथे जागा नाही. यात उद्धटपणा नाही, समोरच्याच्या वेळेचा तो आदर आहे.

कान सरावला की एक फ्रिक्वेन्सी धरून बसावे, ज्याला सगळे 'रन' म्हणतात. २० मीटरवर १४.२००च्या वरची मोकळी जागा शोधावी, अर्धा मिनिट ऐकावे, ती वापरात आहे का असे इंग्रजीत दोनदा विचारावे आणि मगच सीक्यू, म्हणजे सर्वांना उद्देशून हाक, सुरू करावे. दुपारच्या वेळी युरोपच्या दिशेने झोन २२मधून सीक्यू दिले की पाच-सात मिनिटांत एकाच वेळी दहा-बारा आवाज अंगावर येतात. पहिल्यांदा असे झाले तेव्हा मी गोंधळून गप्पच बसलो होतो. अशा गर्दीत जे काही कळले ते धरायचे असते. "डेल्टा लिमा" एवढेच कळले असेल तर "डेल्टा लिमा, फाइव्ह नाइन टू टू" असे म्हणून त्यालाच पूर्ण कॉलसाइन द्यायला लावावे, आणि तो संपर्क पुरा होईपर्यंत दुसरा कितीही जोरात ओरडला तरी त्याला उत्तर देऊ नये. एकदा का जोरात ओरडणाऱ्याला आधी घेतले, की सगळे ओरडू लागतात आणि फ्रिक्वेन्सी हातातून जाते. दर दोन-तीन संपर्कांनंतर आपले कॉलसाइन स्पष्ट सांगावे. सकाळच्या भारतीय नेटच्या फ्रिक्वेन्सीजवळ ४० मीटरवर रन करू नये, आणि १०, १८ व २४ मेगाहर्ट्झच्या बँडांवर तर कॉन्टेस्ट मुळीच होत नाही.

दुपारी ताटात भाकरी थंड होत असते आणि बँड उघडलेला असतो. म्हणून घरच्यांना स्पर्धेच्या तारखा आधी सांगाव्यात, जमेल ती कामे आदल्या दिवशी उरकावीत. माझी आई आता स्वतःच "आज कुठवर गेलं तुझं?" असे विचारते आणि नकाशावर बोट ठेवून पाहते.

लॉग

लॉग, म्हणजे संपर्कांची नोंदवही, संगणकावरच ठेवावा. एन१एमएम लॉगर प्लस हा प्रोग्राम विनामूल्य आहे, तो दुबार संपर्क लगेच दाखवतो आणि शेवटी स्पर्धेला लागणारी कॅब्रिलो फाइल बनवून देतो. सुरू करण्यापूर्वी संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवून, लॉगमध्ये जागतिक वेळच पडते आहे ना, हे पाहावे. माझ्या पहिल्या स्पर्धेत संगणकाचा टाइम झोन चुकीचा निवडला गेला होता आणि शेकडो संपर्कांच्या वेळा साडेपाच तासांनी सरकल्या. समोरच्याच्या लॉगशी वेळ जुळत नसल्यामुळे ते पडताळणीत उडाले असते. पाठवण्याच्या आदल्या रात्री एका ज्येष्ठ मित्राने पाहिले म्हणून वाचलो.

प्रोग्राम समोरच्याचा झोन आपोआप भरून देतो, त्यावर विसंबू नये. अमेरिकेतला ऑपरेटर जुने कॉलसाइन घेऊन दुसऱ्या किनाऱ्यावर राहायला गेलेला असतो, प्रोग्राम ५ भरतो आणि तो ३ सांगत असतो. जे कानांनी ऐकले तेच लिहायचे. शंका असेल तर "झोन अगेन" म्हणून विचारण्यात दोन सेकंद जातात. चुकीचा संपर्क रद्द होऊन तेवढ्यावर भागत नाही, कॉलसाइन चुकल्यास त्यावर वेगळा दंडही बसतो. दुबार झालेले संपर्क मात्र लॉगमधून खोडू नयेत, त्यांना दंड नाही. स्पर्धा संपल्यावर इंटरनेटवर शोधून कॉलसाइन दुरुस्त करण्याचा मोह होतो, तो पूर्णपणे टाळावा. नियमांना ते मान्य नाही, आणि ज्या कानांवर आपण विश्वास ठेवणार आहोत त्यांची खरी परीक्षाही मग होत नाही.

सीक्यू वर्ल्डवाइडचा लॉग स्पर्धा संपल्यापासून पाच दिवसांच्या आत पाठवावा लागतो. सोमवारी झोप पूर्ण करून संध्याकाळीच पाठवून द्यावा. पाठवताना गट नीट निवडावा. एकट्याने सगळे बँड केले, इंटरनेटवरील स्पॉट (कोणते केंद्र कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे याच्या सूचना) पाहिले नाहीत, शक्ती १०० वॉटपर्यंत होती, तर तसेच नोंदवावे. एकदाही स्पॉट पाहिला असेल तर 'असिस्टेड' लिहावे. परवाना मिळून तीन वर्षे झाली नसतील तर 'रुकी' आणि वय २५ किंवा कमी असेल तर 'यूथ' असे उपगट आहेत, त्यांत आपल्यासारख्यांशीच तुलना होते. फक्त १५ मीटरसारखा एकच बँड धरूनही भाग घेता येतो. एका अँटेनावर बसलेल्या नवख्याला मी तेच सुचवतो.

ज्यांना या खेळाची वरची पायरी पाहायची आहे, त्यांनी जुलैमधील दुसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारी होणारी २४ तासांची आयएआरयू (आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ) स्पर्धा ऐकावी. ती आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू होते. काही वर्षांच्या अंतराने याच स्पर्धेत 'डब्ल्यूआरटीसी' हे दोघादोघांच्या संघांचे जागतिक अजिंक्यपद खेळले जाते. पहिले १९९० मध्ये सिअॅटलला झाले आणि २०२२चे लांबून जुलै २०२३ मध्ये इटलीतील बोलोन्याला. अलीकडच्या स्पर्धांत सर्व संघांना शक्य तितक्या सारख्या जागा आणि सारख्या अँटेना दिल्या जातात, त्यामुळे उरतो तो फक्त ऑपरेटर. अशा संघाला हाक देऊन उत्तर मिळवा आणि त्याने आपले कॉलसाइन एका फटक्यात कसे उचलले, पुढच्याकडे किती सेकंदांत गेला, हे घड्याळ लावून पाहा.

काही महिन्यांनी आयोजकांकडून पडताळणीचा अहवाल येतो. बहुतेक जण त्यातील अंतिम धावसंख्या पाहून तो बंद करतात. तसे करू नये. त्यात आपण काय लिहिले आणि प्रत्यक्षात काय होते, हे ओळीओळीने दिलेले असते. मी या चुका वहीत दोन रकान्यांत उतरवतो. माझ्या पहिल्या मोर्स अहवालातील बऱ्याच चुका एकाच जातीच्या निघाल्या: 'एस'चे तीन टिंब, 'एच'चे चार आणि ५ या आकड्याचे पाच, यांत मी एकाने कमी मोजत होतो, आणि तेही रात्री दोननंतरच. पुढचे तीन महिने रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटे फक्त या तीन अक्षरांनी भरलेली कॉलसाइन ऐकली, आणि पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात मध्यरात्री एक ते अडीच अशी झोप लिहिली.